कोबीवाडीची दोन पानं

रविवारी आमच्याकडे बाराच्या ठोक्याला पानं मांडली जात, कारण तीन वाजता कुठल्या ना कुठल्या खेड्यात फुटबॉलची मॅच असे आणि बाबांना अर्धा तास आधी पोचायचं असे. आई रविवारी कुकर लावत नसे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात रविवारच्या शिट्टीबद्दल विचारलं होतं. नुसतं विचारलं होतं. पण आईच्या मते चौकशी ही तक्रारीची पहिली पायरी. तेव्हापासून रविवारचा भात पातेल्यात, डाळ शनिवारीच शिजवलेली आणि फोडणी देताना खिडक्या बंद. हिंगाचा वास जिन्यात गेला तर आणखी एक चौकशी. बाबा जेवता जेवता स्थानिक वर्तमानपत्राचं शेवटून तिसरं पान उलगडत. त्यावर वरच्या बाजूला मोठ्या क्लबांच्या बातम्या आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत खेडोपाडीच्या सामन्यांची यादी असे. बाबांचं बोट मुंग्यांवरून फिरे. "मिनू, इथे आपण गेलोय का गं?" मी वही बघून सांगे. गेलेलो असलो तर ते गाव बाद.

बाबा लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात डॉक्टरेट केलेले रसायनतज्ज्ञ होते आणि आम्ही तिथून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात राहत होतो. त्यांचे सहकारी शनिवारी कायझर्सलाउटर्नला टेकडीवरच्या मोठ्या स्टेडियमवर जात, गळ्यात लाल मफलर घालून. बाबा एकदा गेले आणि परत गेले नाहीत. "तिथे कोण खेळतंय ते दिसत नाही, नुसतं कळतं," म्हणाले. त्यांना हवी होती ती सगळ्यात खालच्या लीगमधली मैदानं, जिथे गोलकीपर सोमवारी टपाल वाटतो, डावा बॅक छपरं दुरुस्त करतो आणि चुकीचा पास दिला की कठड्यापलीकडून त्याची आत्या त्याला नावानिशी झापते. नियम दोन होते. दर रविवारी नवं मैदान, आणि पूर्ण नव्वद मिनिटं पाहिल्याशिवाय ते मैदान मोजायचं नाही. पाऊस असो, शून्याला शून्य असो, माझे पाय गोठलेले असोत. गावांची जर्मन नावं आम्ही घरात वापरत नसू. रुळांलगतचं मैदान ते रेल्वेवाडी, ज्याच्या एका कोपऱ्यात चेंडू पाण्यात जाई ती ओढेवाडी, आणि जिच्या तीन बाजूंनी कोबीची शेतं होती ती कोबीवाडी. आमच्या भागात भाजीपाला भरपूर पिकतो. ऑक्टोबरात त्या मैदानावर उभं राहिलं की गवतापेक्षा कोबीचाच वास जास्त येई.

सोबत आई तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चहाचा थर्मास देई. बाबा मांस खात नसत. पण भाजलेल्या सॉसेजच्या टपरीपुढे ते रांगेत उभे राहत आणि नंबर आला की म्हणत, "पाव, मोहरी, भाजलेला कांदा. बस." टपरीवरची बाई दर वेळी विचारी, "आणि सॉसेज?" "नको." मग ती आमच्याकडे जरा वेळ बघत राही. सॉसेजच्या टपरीवर येऊन सॉसेज न घेणारा माणूस हा पहिला संशय. दुसरा संशय वहीचा.

ती वही बाबांच्या प्रयोगशाळेतल्या वहीसारखीच होती. कापडी पाठ, दर पानाला एक छापील क्रमांक, मागची बाजू कोरी. नियमही तेच: शाईनं लिहायचं, चूक झाली तर एक रेघ मारून पुढे जायचं, खोडरबर नाही, आणि पान कधीही फाडायचं नाही. एका सामन्याला लागोपाठची दोन पानं. बाबा सांगत आणि मी लिही, तेही मराठीत, कारण आईची अट होती. मुलगी दर रविवारी उंडारणार असेल तर निदान शुद्धलेखन तरी होऊ दे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, शाळेत जर्मन, मैत्रिणींशी जर्मन. आईशीही जर्मनच बोलायला लागले होते आणि ती मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायची. म्हणून मैदानाच्या कठड्याशी उभी राहून मी देवनागरीत लिही: 'पाच नंबर उजव्या पायानेच खेळतो. पंच कोपऱ्यापर्यंत धावत जात नाहीत. कप्तानाची बायको दुसऱ्या संघाच्या गावची, त्यामुळे मध्यंतरात भांडण.'

आता त्या गावकऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सत्तर-ऐंशी माणसं, सगळी एकमेकांची नातेवाईक किंवा शत्रू. त्यांच्यात एक कोट घातलेला सावळा माणूस आणि वेण्या घातलेली मुलगी. दोघं कोणाच्याच बाजूनं ओरडत नाहीत, आणि मुलगी न वाचता येणाऱ्या अक्षरांत एकसारखी लिहितेय. कपडे बदलण्याच्या खोलीपासून मैदानापर्यंतच्या फरशीवर बुटांचे खिळे टकटक वाजत. खेळाडू आमच्याजवळून जाताना ती टकटक हळू होई. ते मान वळवून बघत. प्रशिक्षक आवाज खाली आणत. ओढेवाडीला तर त्यांनी कॉर्नर मारणारा माणूसच बदलला. मध्यंतरात वाईनमध्ये सोडा घातलेला अर्ध्या लिटरचा ग्लास हातात घेऊन एखादा बनियनवाला काका कठड्याकठड्यानं आमच्याकडे सरके.

"कोणासाठी लिहिता?"

"माझ्यासाठी," बाबा म्हणत.

"हो, हो. पुढच्या रविवारी आमची मॅच कोणाशी आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"नाही."

"माहीत नाही म्हणे! आणि ही कसली लिपी? गुप्त?"

"वाचून बघा. आलं तर मलाही सांगा, मुलीचं अक्षर मला लागत नाही."

काका हसे. हसताना डोळे मात्र वहीवरच. तो परत गेला की सगळ्या कठड्यावर एकच शब्द फिरे: श्पिओन. हेर. बाबांना गंमत वाटे. खरं सांगितलं की कोणाचाच विश्वास बसत नाही, हा त्यांना रसायनशास्त्राहून मजेदार प्रयोग वाटत असावा. मला गंमत वाटत नसे. कोण माझ्याकडे कितीदा बघतं ते मी मोजायला शिकले, आणि ती सवय पुढे पोटापाण्याच्या कामी आली. आता मी इंगोलश्टाटला गाड्यांच्या सुट्या भागांच्या तपासणीत आहे. समोरचा पुरवठादार "सगळं व्यवस्थित आहे" म्हणाला की मी पहिल्यांदा त्याच्या हातांकडे बघते.

आईला त्या छंदाचा राग नव्हता, धास्ती होती. आमचा नागरिकत्वाचा अर्ज जिल्हा कचेरीत पडून होता. त्या काळी अमुक वर्षं झाली की मिळालंच असं नव्हतं. अधिकाऱ्यांच्या मर्जीवर बरंच काही असे. त्यातच बाबांच्या विभागात माणसं कमी करायची बोलणी सुरू झाली होती. नोकरी गेली तर राहण्याचा परवाना अडचणीत, आणि परवाना अडला तर मला नववीतून उचलून पुण्याला न्यायचं, जिथे मला रस्तासुद्धा ओलांडता येत नव्हता. नागरिकत्व हातात पडलं की मात्र नोकरी गेली तरी घर राहणार होतं. एवढं साधं होतं ते. म्हणून आईनं ठरवून टाकलं होतं की निकाल लागेपर्यंत आपलं नाव नव्या कुठल्याही कागदावर जाता कामा नये. शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावरसुद्धा ती तीनदा वाचून सही करी.

"अहो, दर रविवारी नव्या गावात जाऊन परक्या अक्षरांत लिहिणारा माणूस," ती वरण वाढता वाढता म्हणे, "मी जर्मन असते ना, तर मीच पोलिसांना कळवलं असतं."

"आल्झो, तर मग बरं झालं तू अजून झाली नाहीस," बाबा म्हणत.

कोबीवाडीला आम्ही गेलो तेव्हा त्यांचा सामना रेल्वेवाडीशी होता. दोन्ही गावं तीन किलोमीटरवर आणि वैर आजोबांच्या काळापासूनचं. आम्ही कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभे राहिलो. शेजारी लाल जॅकेट घातलेला विशीतला एक मुलगा होता, डिर्क नावाचा. तो कोबीवाडीचाच खेळाडू. पण पंचांशी वाद घातल्याबद्दल त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी होती, म्हणून बाहेर. तो पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत आमच्या शेजारी उभा राहून बडबडत होता. बाबांचा कांदा-पाव बघून त्यानंही एक मागवला आणि "यात काहीतरी हरवलंय" असं म्हणत तो संपवला. बाबांनी त्याचं सगळं बोलणं मला सांगून लिहून घेतलं, नावानिशी. मी माझ्या मनानं पुढच्या पानावर एक ओळ घातली. मैदानातला नऊ नंबर या डिर्कसारखाच दिसत होता, तसेच पिवळे केस, तसंच नाक. मी लिहिलं: 'नऊ नंबर खरा कोण? संशय.' मध्यंतरात क्लबचे अध्यक्ष हेर लाउअर आले; हा 'हेर' जर्मन, म्हणजे श्रीयुत. नेहमीचा प्रश्न झाला, नेहमीचं उत्तर झालं. फरक एवढाच की त्यांनी हात पुढे केला, नाव विचारलं आणि "परचुरे" हे नाव दोनदा म्हणून नीट पाठ केलं. मला ते मुळीच आवडलं नाही. नाव पाठ करणाऱ्या माणसाला ते कुठेतरी वापरायचं असतं.

नऊ दिवसांनी, एका मंगळवारी दुपारी, दाराची घंटा वाजली. बाबा कामासाठी परगावी होते, गुरुवारी येणार होते. दारात हेर लाउअर, हातात लाकडी खोकं, त्यात दोन कोबी आणि पाच-सहा नवलकोल. आईनं त्यांना आत घेतलं. संशय असला तरी आलेल्याला चहा द्यायचाच, ही आईची पद्धत. ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले. आल्याचा चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला, आणि कपाकडे बघत म्हणाले, "तुमच्या पतींची ती वही. आमच्या सामन्याची पानं. ती मला क्रीडा न्यायमंडळापुढे दाखवायची आहेत. एक आठवड्यासाठी द्याल का?"

"कशासाठी?" आईनं विचारलं.

"ते मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या म्हणतील, लाउअरनं यांना पढवलं. मला काय हवंय ते तुम्हाला माहीत नसलेलंच बरं."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आमचा पत्ता तुम्हाला कुठे मिळाला?"

"अच्छा, तो," ते हसले. "मी जिल्हा कचेरीत आहे ना. तुमचा अर्ज माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. नाव ओळखीचं वाटलं. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हटलं, हेच ते! फाइल जाडजूड आहे हो तुमची. होईल, होईल."

आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. ते उठले, "गुरुवारी फोन करतो," म्हणाले, आणि जिना उतरताना खालच्या बाईंना वाकून नमस्कार करून गेले.

दार लागल्यावर आई आणि मी स्वयंपाकघरात बसलो. नवलकोलचं खोकं मधे. आम्ही दोघींनी ते बोलणं पुन्हा पुन्हा उलगडलं, आणि दर वेळी ते जास्त वाईट दिसायला लागलं. फाइल जाडजूड आहे म्हणजे काय? होईल म्हणजे कधी, कोणत्या अटीवर? काय हवंय ते सांगणार नाही, पण पानं द्या. मग मला माझी ती ओळ आठवली आणि मी आईला सांगितली: नऊ नंबर खरा कोण, संशय. "म्हणजे त्यांनी खोटा खेळाडू उतरवला," मी म्हणाले. "त्यांनी मला लिहिताना पाहिलं. त्यांना ते पान नाहीसं करायचंय."

आईनं खोकं बाजूला सरकवलं. मग तिनं हिशेब मांडला. पानं दिली तर आपण खोट्याला सामील. नाही दिली तर शेजारच्या टेबलावरची फाइल. रेल्वेवाडीनं मागितली तर साक्ष, सही, नाव कागदावर. "नसलेल्या कागदावर कोणी सही मागत नाही," ती म्हणाली. "फाड."

"बाबांनी सांगितलंय—"

"बाबांना मी बघते."

मी पट्टी लावून पानं फाडली. बासष्ट आणि त्रेसष्ट, दोन्ही. आता ही गोष्ट सांगताना लोकांना वाटतं की आईनं मला भाग पाडलं. तसं काही नव्हतं. मला त्या क्षणी आम्ही फार हुशार वाटत होतो. आईनं ती पानं भांडी घासायच्या टबात भिजवली, शाई निळी होऊन वाहून गेली, आणि तो लगदा कांद्याच्या सालींबरोबर कुजणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात गेला. नवलकोलची भाजी मात्र तिनं केली नाही. लाच खायची नाही आणि अन्न टाकायचं नाही, या दोन नियमांमध्ये सापडून ते खोकं बाल्कनीत सुरकुतत राहिलं.

बाबा गुरुवारी आले. वही उघडली, एकसष्टनंतर चौसष्ट पाहिलं. आई सांगायला लागली, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. त्यांनी पेन काढलं आणि चौसष्ट क्रमांकाच्या पानाच्या समासात लिहिलं: 'पान ६२ व ६३ फाडली आहेत. कारण: भीती.' खाली सही केली. मग हेर लाउअरना स्वतःच फोन लावला. बोलणं संपल्यावर ते कोट न काढता खुर्चीवर बसले आणि आम्हाला सांगितलं. रेल्वेवाडीनं तक्रार केली होती की नऊ नंबरचा खेळाडू म्हणजे बंदी असलेला डिर्कच, चुलतभावाच्या खेळाडू-ओळखपत्रावर खेळला. सिद्ध झालं तर डिर्कला दोन वर्षं खेळता येणार नव्हतं आणि कोबीवाडीचे गुण जाणार होते. डिर्क म्हणत होता, मी कठड्याशी उभा होतो. पण ते बघणारे सगळे एक तर कोबीवाडीचे किंवा रेल्वेवाडीचे.

"त्या मैदानावर शंभर माणसं होती," बाबा म्हणाले. "त्यातली दोनच कोणाच्या बाजूची नव्हती. त्या दोघांनी सगळं शाईनं लिहून ठेवलं होतं."

आई म्हणाली, "आणि पत्ता? फाइल? ते काय होतं मग?"

"ते मला माहीत नाही," बाबा म्हणाले. हे त्यांचं मला आजही पटतं. त्यांनी तो माणूस चांगला आहे असं म्हटलं नाही.

न्यायमंडळ म्हणजे तिसऱ्याच एका गावातल्या खानावळीची मागची खोली, शनिवारी सकाळी दहा. भिंतीवर हरणाची शिंगं, टेबलावर कॉफीचे थर्मास, आणि स्वेटर घातलेले तीन वयस्कर गृहस्थ. मधले, अध्यक्ष, निवृत्त शिक्षक. बाबा मला घेऊन साक्ष द्यायला निघाले तेव्हा आईनं त्यांना अडवलं नाही, पण दारात माझा दंड धरला. "काहीही झालं तरी अर्जाचं नाव तोंडातून निघायचं नाही. कळलं?" मी मान हलवली.

बाबांनी सगळं नीट सांगितलं. झेंड्यापाशी कोण उभं होतं, कुठल्या रंगाचं जॅकेट, कांदा-पाव, तीन सामन्यांची बंदी. नाव, पत्ता, व्यवसाय, सही. डिर्क भिंतीशी बसला होता, मांडीवर तेच लाल जॅकेट, आणि बाबांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग रेल्वेवाडीचा माणूस उठला. तो विमा विकणारा होता, बोलायला सराईत.

"हेर डॉक्टर, तुम्ही तर सगळं लिहून ठेवता म्हणे. कुठे आहे ते?"

बाबांनी वही पुढे केली. त्यानं क्रमांक मोजले, फाटलेली कड बोटानं सगळ्यांना दाखवली. "नेमकी हीच? कधी फाडली?"

"गेल्या मंगळवारी. माझ्या घरात."

"आणि गेल्या मंगळवारी हेर लाउअर यांची गाडी तुमच्या दारात होती. आमच्या एका खेळाडूची मावशी तुमच्या खालच्या मजल्यावर राहते." तो खोलीकडे वळला. "म्हणजे लाउअर हे डॉक्टरांच्या घरी गेले आणि त्याच दिवशी पुरावा नाहीसा झाला. मला आणखी काही विचारायचं नाही."

खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. हेर लाउअर बाबांकडे बघत होते, तोंड किंचित उघडं. त्यांना पानं फाडल्याचं माहीत होतं, पण ती का फाडली हे बाबांनी फोनवर सांगितलं नव्हतं. शिक्षकांनी वही स्वतःकडे ओढली आणि पुढचं पान उघडलं.

"इथे समासात काहीतरी लिहिलंय. सही आहे तुमची. काय लिहिलंय?"

बाबा बोलेनात. ते खोटं बोलणार नव्हते, आणि खरं वाचलं की पुढचा प्रश्न कुठला येणार हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. शिक्षक माझ्याकडे वळले. "तुला वाचता येतं?"

मी उठले. वाचलं, आणि जर्मनमध्ये सांगितलं: "पानं बासष्ट आणि त्रेसष्ट फाडली आहेत. कारण, भीती."

"कोणाची भीती?"

मला आईचा हात दंडावर जाणवत होता. गप्प बसले असते तर अर्ज सुरक्षित राहिला असता, निदान मला तसं वाटत होतं. आणि लाउअर पुरावा नष्ट करणारे ठरले असते, डिर्क दोन वर्षं बाहेर. मी म्हणाले, "हेर लाउअर यांची. पानं मी फाडली. त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांना ती हवी होती. पण त्यांनी आमच्या नागरिकत्वाच्या फाइलबद्दल बोलणं काढलं, आणि आम्हाला वाटलं, पानं दिली नाहीत तर ते अर्ज अडवतील. म्हणून आम्ही ठरवलं, पानंच नकोत."

हेर लाउअर यांचे कान लाल झाले, मग मान. शिक्षकांनी त्यांना विचारलं, "यांचा पत्ता तुम्ही टेलिफोनच्या पुस्तकातून घेतलात ना?" आमचं नाव पुस्तकात होतं. प्रश्न असा विचारला होता की फक्त 'हो' म्हणायचं होतं. सगळ्या खोलीला ते कळलं, मलासुद्धा.

"नाही," लाउअर म्हणाले. "फाइलमधून."

शिक्षकांनी ते लिहून घेतलं. डिर्क सुटला, कोबीवाडीचे गुण राहिले. एका चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या अंगावर घेऊन सांगितलेलं खोटं असण्याची शक्यता कमी, असं काहीसं निकालपत्रात होतं. रेल्वेवाडीचा विमावाला जाताना बाबांना म्हणाला, "आल्झो, तुम्ही हेर नाहीत एवढं तरी नक्की झालं. हेर याच्यापेक्षा नीट काम करतात."

आई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. मारलं असतं तर बरं, असं लोक लिहितात. मला तसं वाटलं नाही, बोलत नव्हती हेच बरं होतं. चौथ्या दिवशी म्हणाली, "आता बघू," आणि कामाला लागली. सगळा हिवाळा ती टपालपेटी दिवसातून दोनदा उघडे, टपालवाला एकदाच येत असला तरी. बाबांच्या विभागातली दोन माणसं गेली, बाबा राहिले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पत्र आलं. मंजूर. आईनं ते तीनदा वाचलं, मग मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि त्या रविवारी भर दुपारी कुकर लावला. "तुझ्या बोलण्यामुळे झालं असं समजू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या बोलण्यानं अडलं नाही, एवढंच."

लाउअर यांची त्या आधीच बदली झाली होती, गाड्यांच्या नोंदणीकडे. क्लबचं अध्यक्षपद त्यांनी सोडलं. हे आम्हाला कळलं ते बाबांनी जुनी गाडी घेतली तेव्हा. नंबर पुकारला गेला, आम्ही आत गेलो, आणि काचेपलीकडे ते. त्यांनी बाबांचं नवं जर्मन ओळखपत्र मागितलं. नाव वाचलं, फोटो बघितला, चेहरा बघितला, जणू पहिल्यांदाच. कागद तपासले, नंबरप्लेटवर शिक्के चिकटवले. सगळं संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"तुला तेव्हा खरंच तसं वाटलं?"

"हो," मी म्हणाले.

"मी मदत करायला बघत होतो. दुसरं काहीही नव्हतं."

मी म्हणाले, "असेल."

बाबांनी नंबरप्लेट काखेत घेतल्या. आम्ही गाडीपाशी आलो. स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "त्या माणसाची नोकरी बदलली तुझ्यामुळे. 'हो, मदतच करत होतात' म्हणायला काय गेलं असतं तुझं?"

"मला माहीत नव्हतं, बाबा."

त्यांनी दुसरी प्लेट माझ्या हातात दिली आणि मी ती सरळ धरून उभी राहिले. खोटं बोलून सुटता आलं असतं तिथे तो माणूस खरं बोलला, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण खरं बोलणारा माणूस धमकी देत नाही, असं मला कुठे आढळलेलं नाही. मी अजून रविवारी मैदानांवर जाते. गेल्या वर्षी कोबीवाडीलाही गेले. लाउअर आता नाहीत. डिर्क कठड्याशी उभा होता, टक्कल पडलेला, नातवाला खांद्यावर घेऊन. त्यानं मला ओळखलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "लाउअरसारखा सरळ माणूस नाही बघ झाला. तूच सांग."

मी त्याला म्हणाले, नव्वद मिनिटं होऊ देत, मग बोलू. सामना संपल्यावर मी दुसऱ्या फाटकानं निघाले.